बोलण्याआधी कळलेले शब्द

सात महिन्यांच्या बाळाला अजून ‘आई’ म्हणता येत नाही. मग ‘भात’ म्हणजे काय, हे त्याला कळते का? विचारले तर ते सांगणार कसे?

डोळ्यांनी! अमेरिकेतील एलिका बर्गेलसन व डॅनियल स्विंगली यांनी ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना पडद्यावर चित्रांची जोडी दाखवली, एक खाद्यपदार्थाचे, दुसरे अवयवाचे. आईने एकाचे नाव घेतले की बाळाची नजर त्याच चित्रावर अधिक वेळ टिकत होती. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. आईला पडदा दिसू दिला नव्हता, हे महत्त्वाचे. नाहीतर बाळ तिच्या नजरेमागे गेले असते.

घरात लहान भावंड असेल तर करून पाहा. समोर वाटी व चेंडू ठेवा. आईने डोळे मिटून ‘वाटी कुठाय?’ असे विचारावे, थोड्या वेळाने ‘चेंडू कुठाय?’ दोन्ही विचारायचेच, कारण बाळाला चेंडू मुळातच आवडत असेल. मग जागा बदलून पुन्हा पाहा. एकाच बाळावरून निष्कर्ष मात्र काढू नका.

मराठी बाळाचे काम तसे अवघडच. पाय, पायाला, पायात: शब्द सारखा रूप बदलतो. त्यातून कर्जतकडे शेतात डोलते ते भात आणि ताटात वाढतात तो भात! बाळाला आधी कोणता कळेल? बर्गेलसन व रिचर्ड अ‍ॅस्लिन यांना २०१७ साली आढळले, की ज्या घरांत वस्तू समोर असताना तिचे नाव अधिक वेळा घेतले जाते, तिथली बाळे शब्द अधिक ओळखतात. तेव्हा बहुधा ताटातलाच.