पळवाट आणि विनय

नियम मोडणे ही लबाडी होय, हे मुलांना सहज कळते. परंतु नियमाचे एकही अक्षर न मोडता त्याचा हेतू मोडता येतो, हे समजावून सांगावे लागते. कारण अशा वागण्याला समाज 'हुशारी' म्हणतो.

१ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नच्या एकदिवसीय सामन्यात अखेरच्या चेंडूवर बरोबरी साधण्यासाठी न्यूझीलंडला ६ धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ग्रेग चॅपेल यांनी आपला धाकटा भाऊ ट्रेव्हर यास चेंडू जमिनीवरून सरपटत टाकावयास सांगितले. पंचांनाही तशी सूचना दिली. त्या सामन्याच्या नियमांत यास मनाई नव्हती. ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला. पण तो आजही त्या एका चेंडूच्या नामुष्कीसाठीच ओळखला जातो. पुढे नियमच बदलावा लागला.

ही वृत्ती नवी नाही. विनयपिटकातील महावग्गात 'छब्बग्गिय', म्हणजे सहा जणांच्या गटातील, भिक्खूंची कथा आहे. ते पहाटे लाकडी खडावा घालून खडखडाट करीत. त्यामुळे इतरांच्या ध्यानात व्यत्यय येई, पायाखाली किडेही मरत. भगवान बुद्धांनी लाकडी खडावांना मनाई केली. तेव्हा त्यांनी कोवळे ताड तोडून ताडपत्रांची पादत्राणे केली. त्यांनाही मनाई होताच कोवळे बांबू तोडले. प्रत्येक वेळी शब्द पाळला गेला, हेतू मात्र तुडवला गेला. बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिले. त्या कसोटीवर ही हुशारी टिकत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धोका दाखवला. संविधानाचे रूप न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलून त्याचा आत्मा विकृत करता येतो, असे ते म्हणाले. म्हणूनच संविधानिक नैतिकता जाणीवपूर्वक जोपासावी लागते, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्या समाजाला याचे विशेष भान हवे. पळवाटा शोधण्याची साधने बहुधा बलवानांकडे असतात. दुर्बलांचा आधार म्हणजे कायद्याचा हेतू. तोच आपण स्पर्धेतील चार गुणांसाठी पातळ केला, तर उद्या आपल्या हक्कांना कोणी पळवाटेने बगल दिल्यास त्याला जाब कोणत्या तोंडाने विचारणार?

म्हणून पालकांनी मुलाला "नियमात बसते का?" एवढेच विचारू नये. "हा नियम कोणासाठी केला आहे, आणि तुझ्या वागण्याने त्याचे काय होईल?" हेही विचारावे. विनयाचा अभ्यास तेथून सुरू होतो.