विलायतेतल्या घराचा बॉयलर बदलताना



ब्रिटनमधल्या घरातला बॉयलर म्हणजे मोठा गीझर नव्हे. महाराष्ट्रातला तांब्याचा बंब आंघोळीपुरते पाणी तापवतो. या बॉयलरचे मुख्य काम रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून सगळे घर उबदार ठेवणे हे असते. तो बदलताना बहुतेक घरांत जुन्यावरचा किलोवॅटचा आकडा वाचून तेवढाच, किंवा ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून त्याहून मोठा आणला जातो. चूक तिथेच होते. जुना बसवल्यानंतर दुहेरी काचा लागल्या असतील, माळ्यावर इन्सुलेशन पडले असेल, तर घराची गरजच घटलेली असते.

ही गरज खोलीवार मोजावी. बाहेर उणे दोन-तीन अंश असताना भिंती, काचा आणि फटींतून जाणारी जितकी उष्णता भरून काढावी लागते, तितकी गरज. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या तीन बेडरूमच्या घरात ती बहुधा ६ ते १० किलोवॅट भरते. तरीही भिंतीवर ३० किलोवॅटचे यंत्र टांगलेले दिसते, ते नळाच्या पाण्यापायी. कॉम्बी बॉयलरला साठवणीची टाकी नसते. नळ सोडला की वाहते पाणी तिथल्या तिथे तापते. २४ किलोवॅटचा कॉम्बी ३५ अंशांनी तापवलेले पाणी मिनिटाला पावणेदहा लिटरच्या आसपास देतो, ३० किलोवॅटचा सव्वाबारा. एक शॉवर छान चालतो, दोन एकदम सोडले की दोन्हींची धार बारीक होते. दिवाळीत पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची अभ्यंगस्नाने एकापाठोपाठ एक उरकायची तर कॉम्बीच बरा, कारण त्याचे पाणी संपत नाही. दोन न्हाणीघरे एकाच वेळी चालत असतील तर मात्र गरम पाणी साठवणारा वेगळा सिलिंडर हवा, आणि लीजनेला जंतू वाढू नयेत म्हणून त्यातले पाणी ६० अंशांपर्यंत तापायला हवे. रस्त्यावरून येणारे पाणीही आधी बादली लावून मोजावे: मिनिटाला आठच लिटर येत असेल तर ३५ किलोवॅटच्या बॉयलरनेही ते नऊ होत नाही.

किलोवॅटच्या कमाल आकड्यापेक्षा किमान आकडा महत्त्वाचा, आणि तो विक्रेत्याला खोदून विचारावा लागतो. ऑक्टोबरच्या सौम्य दिवशी घराला दोन-तीन किलोवॅट पुरतात. सात-आठच्या खाली न उतरणारा बॉयलर अशा दिवशी सारखा पेटतो-विझतो, गॅस खातो आणि सुटे भाग झिजवतो.

इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून, मोजके अपवाद वगळता, कंडेन्सिंग बॉयलरच बसवावा लागतो. धुरातल्या वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता तो परत मिळवतो. पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावे लागते. बसवणारा जाताना पाणी सोडण्याचे तापमान ७०-८० अंशांवर ठेवून जातो आणि माहितीपत्रकातली नव्वद टक्क्यांवरची कार्यक्षमता कागदावरच राहते. ते ६० किंवा त्याखाली आणून पाहावे. इंग्लंडमध्ये २०१८ पासून कॉम्बीसोबत ऊर्जाबचतीची एक जादा सोय बंधनकारक आहे. चार पर्यायांपैकी बाहेरच्या हवेनुसार पाण्याचे तापमान आपोआप बदलणारी सोय सर्वांत कामाची. मोबाइलवरून चालणारा थर्मोस्टॅट दिसतो चकचकीत, पण त्याची बचत वापरणाऱ्याच्या सवयीवर ठरते.

घराची उष्णतेची गरज मोजून झाल्यावर बॉयलरऐवजी हीट पंपचाही दर मागवावा. इंग्लंड-वेल्समधले त्याचे सरकारी अनुदान २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ७,५०० पौंडांवर गेले.

गॅसचे काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्यानेच करायचे असते. ओळखपत्राच्या मागे त्याला कोणत्या कामांची परवानगी आहे ते लिहिलेले असते. दरपत्रकात जुने पाइप धुणे आणि गाळ पकडणारा चुंबकी फिल्टर आहे ना, हे पाहावे. वाफेचे पाणी बाहेर नेणारी नळी शक्यतो घरातूनच न्यावी. भिंतीबाहेरून न्यावीच लागली तर ती जाड आणि इन्सुलेशन गुंडाळलेली असावी. नाहीतर ऐन कडाक्याच्या पहाटे ती गोठते, बॉयलर बंद पडतो आणि तिच्यावर कोमट पाणी ओतत अंगणात उभे राहावे लागते.

— मामा