चित्रात ठेवलेली फाइल परत मागताना

कुठलीही फाइल म्हणजे शेवटी ० ते २५५ मधल्या आकड्यांची रांग, आणि साध्या रंगीत चित्रातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. रांगेतले तीन-तीन आकडे एकेका पिक्सेलमध्ये भरत गेलो की १००० बाय १००० च्या चित्रात ३० लाख बाइट मावतात. उलट वाचले की फाइल परत हातात. हे गणित इतके सरळ आहे, की चित्र तयार झाल्यावर मूळ फाइल पुसून टाकायचा मोह होतो. तो आवरा, असे मी कळकळीने सांगतो. चित्र दिसले की वाटेतली बहुतेक सॉफ्टवेअर ते डोळ्यांसाठीच आहे असे धरून चालतात, आणि डोळ्याला न कळणारा फरक बिनदिक्कत करतात.

१९९२ ची जेपेग पद्धत याच समजुतीवर उभी आहे. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि त्यांतले बारीक चढउतार ढोबळ आकड्यांत बसवते. फोटोतल्या आकाशात १३७ चे १३८ झाले तर कुणाचे काही बिघडत नाही. झिप फाइलमध्ये तेवढ्यानेच आतला दस्तऐवज उघडेनासा होऊ शकतो. क्वालिटी १०० वर ठेवूनही हे टळत नाही. मग पीएनजी वापरावे, असे कुणी म्हणेल. जरूर वापरावे; १९९६ पासूनची ती पद्धत एकही आकडा न बदलता चित्र दाबते. पण ती हमी पीएनजीची आहे, वाटेची नाही. चॅट अॅपमधून तेच चित्र फोटो म्हणून पाठवले, तर पलीकडे बहुधा नवे जेपेग पोचते. म्हणून ते डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावे. पारदर्शकतेच्या चौथ्या आकड्यात माहिती भरायचा लोभही नको: ब्राउझरच्या कॅनव्हासवर पूर्ण पारदर्शक पिक्सेलचे रंग शून्य होऊन जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मोठे काळे-पांढरे चौकोन वापरले तर जेपेगही सोसता येते. खरे आहे, पण ८ बाय ८ च्या चौकोनात एकच बिट ठेवायचा, तर जिथे १५३६ बिट मावत होते तिथे एक उरतो. जपानमध्ये १९९४ साली निघालेल्या क्यूआर कोडने अशीच किंमत मोजली. दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पण सर्वांत मोठा कोड, तोही दुरुस्ती सर्वांत कमी ठेवून, जेमतेम २९५३ बाइट घेतो. सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने २०२० मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या खाणीत फिल्मवर तो कोड जतन केला, तोही बहुतांशी क्यूआर चित्रांच्या रूपात. तिथे फिल्मवर माणसाला वाचता येईल असे मार्गदर्शनही ठेवले आहे, आणि मला ती गोष्ट साठवणुकीइतकीच महत्त्वाची वाटते. कोणत्या क्रमाने वाचायचे हे हरवले, तर चित्र शाबूत असूनही फाइल गेलेलीच.

तेव्हा चित्राच्या पहिल्या काही बाइटमध्ये फाइलची लांबी लिहा, नाहीतर शेवटचा रिकामा भरावही फाइलला चिकटून येईल. मजकूर गुप्त असेल तर आधी एन्क्रिप्ट करा. नुसते चित्रात भरल्याने तो लपत नाही. मूळ फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ओळखीचा आकडा, वेगळा टिपून ठेवा. मग चित्र ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने एकदा पाठवून, पलीकडे फाइल काढून तिचाही एसएचए-२५६ काढा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. एका अक्षराचाही फरक निघाला तर वाट बदला. मूळ फाइल तोवर जागेवरच असू द्या.