घरच्या घरी जीवशास्त्र

मुंबईत वसंत केव्हा येतो आणि केव्हा जातो हे कळतच नाही, अशी तक्रार पुष्कळांच्या तोंडी ऐकू येते. पालकांची तक्रार याहून निराळी असते. जीवशास्त्राचा अभ्यास घरी करावा असे आम्ही मुलांस सांगितले की, "सर, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कसली झाडे आणि कसले प्राणी?" असा प्रश्न ठरलेला. प्रश्न खोटा नाही. लालबाग-परळच्या चाळींत काय किंवा गिरगावच्या वाड्यांत काय, अंगण म्हणून असते ते गॅलरीचे कठड्याजवळचे हातभर टोक. तथापि तेवढ्याच जागेत यंदा एका विद्यार्थ्याने आम्हांस एक पाठ दिला. तो इतरांसही कळावा म्हणून हा लेख.

फेब्रुवारीच्या मध्यास आम्ही नववीच्या वर्गास एक काम नेमून दिले. तेलाच्या रिकाम्या डब्यात भेंडीचे बी पेरावे, आणि घराच्या आसपासचा कोणताही एक प्राणी निवडून ६ आठवडे त्याची रोज नोंद ठेवावी. भेंडी आम्ही मुद्दाम निवडली. बी भिजवून पेरले तर बहुधा आठवड्याच्या आत अंकुर वर येतो व दीड महिन्याच्या सुमारास फूल दिसते. म्हणजे मुलांच्या उतावळेपणास ती मानवते. फूलही शिकण्याजोगे आहे. सकाळी उमलते, संध्याकाळपर्यंत मिटून जाते. पाच पिवळ्या पाकळ्या, तळाशी गडद किरमिजी रंग, आणि पुंकेसर एकमेकांस जुळून झालेली मधली नळी. जास्वंदीच्या फुलात हीच नळी लांब होऊन बाहेर डोकावते. रस्त्याकडेचा परसपिंपळ, ज्यास कोणी भेंड म्हणतात, तोही याच कुळातला. त्याचे फूल सकाळी पिवळे असते व दिवस मावळेपर्यंत तांबूस होते. फार काय, फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले मिरवणारी काटेसावरसुद्धा सांप्रतच्या वर्गीकरणात ह्याच कुळात घेतात. एवढा मोठा वृक्ष आणि डब्यातले ते रोप एकाच घराण्यातले, हे सांगितल्यावर वर्ग हसला होता.

प्राण्यांच्या बाबतीत बहुतेकांनी मांजर निवडले. मांजर आपण होऊन जवळ येऊन बसते, नोंद करण्यासाठी जागचे उठावे लागत नाही! एका मुलीने पाल निवडली व तिची वही उत्तम झाली. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका मुलाने मात्र चिमणी घेतली, कारण त्यांच्या दाराबाहेर विजेच्या मीटरवरील फळीवर एका जोडप्याने घरटे बांधले होते. पाडव्याच्या आधी जळमटे काढताना आई ते घरटे केरात टाकणार होती. मुलाने हट्ट धरला, वडिलांनी मध्यस्थी केली, आणि आत ४ अंडी आहेत असे कळल्यावर माउलीने केरसुणी खाली ठेवली. नराची चोच विणीच्या दिवसांत काळी कुळकुळीत होते, हे त्या मुलाने कोणी न सांगता टिपले होते. बाराव्या दिवशी पिले बाहेर आली. त्यापुढील पानावर लिहिले होते: "आई-बाबा पिलांना अळ्या भरवतात. आमच्या भेंडीवरच्या हिरव्या अळ्याही नेल्या. दाणा एकदाही आणला नाही."

हे वाक्य आम्ही तांबड्या पेन्सिलीने खोडले आणि समासात लिहिले: "चिमणी धान्यभक्षक आहे. पुस्तक पाहा." आमच्या वीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही हेच शिकवीत आलो होतो, चोचीचा आकार दाखवून शिकवीत आलो होतो.

वह्या परत दिल्यावर मुलगा मधल्या सुटीत आमच्याकडे आला. वाद घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हे. तो इतकेच म्हणाला, "सर, मी दाण्याचीच वाट पाहत बसलो होतो. आईने कठड्यावर तांदूळही टाकले होते. ते चिमण्यांनी स्वतः खाल्ले, पिलांना दिले नाहीत."

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या चाळीत गेलो. त्याच्या आईने स्टूल दिले, चहा दिला, आणि मास्तर मीटरकडे टक लावून का बसले आहेत हे शेजाऱ्यांस समजावून सांगण्याचे कामही तिनेच केले. एका तासात १४ फेऱ्या झाल्या. काही वेळा चोचीत काय आहे ते दिसले नाही; जेव्हा दिसले तेव्हा ती अळी होती किंवा एखादा किडा. दाणा नव्हता. घरी येऊन मोठे ग्रंथ उघडले, तर तेथे हेच स्पष्ट लिहिलेले: मोठी चिमणी मुख्यतः दाणे खाते, परंतु झपाट्याने वाढणाऱ्या पिलांस प्रथिने लागतात, म्हणून आरंभीचे दिवस त्यांचा आहार बहुतांशी किडे-अळ्यांचा असतो. आमचे ज्ञान खोटे नव्हते, अर्धे होते. आणि त्या अर्ध्या ज्ञानाच्या जोरावर आम्ही एका मुलाचे पूर्ण ज्ञान खोडले होते.

अशा अर्ध्या ज्ञानाने एका मोठ्या राष्ट्राचेही नुकसान झाले आहे. १९५८ साली चीनमध्ये चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांचा देशभर संहार आरंभिला गेला. चिमण्या गेल्या आणि पिकांवर किडी माजल्या. १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे घालण्यात आले.

लालबागच्या ह्या वहीवरून आम्हांस आणखी एका वहीची आठवण झाली. १८९६ साली जन्मलेले डॉ. सालिम अली आईबापांवाचून पोरके झाले व गिरगावच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. १९०६-०७ च्या सुमारास, दहा-अकरा वर्षांच्या वयात, चेंबूर येथे त्यांनी चिमणीच्या एका घरट्यावर नजर ठेवली होती. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. नर मारला की मादी थोड्याच वेळात दुसरा नर आणी. ७ दिवसांत त्यांनी असे ८ नर टिपले आणि तसे लिहून ठेवले. ती नोंद पुढे अनेक वर्षांनी छापली गेली. बंदुकीचा भाग मुलांनी घेऊ नये, हे आम्ही वेगळे सांगत नाही. त्या काळी पक्षी पाहणे म्हणजे बहुधा पक्षी मारणेच असे. पुढे १९०८ च्या सुमारास पिवळ्या गळ्याची एक अनोळखी चिमणी हाती आली, तेव्हा मामांनी भाच्यास 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'कडे पाठविले. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनी त्या अजाण मुलास हाकलून न देता पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले. ही संस्था १८८३ साली ज्या आठ गृहस्थांनी काढली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपल्याकडील दोन डॉक्टर होते, हेही पालकांस ठाऊक असावे.

मिलर्ड साहेबांचे ते खण आणि आमची तांबडी पेन्सिल ही दोन्ही चित्रे त्या रात्री आमच्या डोळ्यांपुढून हलेनात.

सोमवारी आम्ही वही पुन्हा मागून घेतली, समासातले आमचे वाक्य सर्व वर्गासमोर खोडले, आणि त्याखाली तारीख घालून सही केली. मुले गप्प होती. मग मागच्या बाकावरून कोणी विचारले, "सर, मग पाल काय खाते हेही पुस्तकात चुकले असेल का?" पालीच्या वहीची मालकीण उठून उभी राहिली व तिने ६ आठवड्यांचा हिशोब वाचून दाखविला. त्यात तास संपला.

पिले त्या आठवड्याच्या अखेरीस उडून गेली. डब्यातील भेंडीस दोन फुले आली आहेत, आणि अळ्यांनी चाळण केलेली तिची खालची पाने मुलाने अद्याप तोडलेली नाहीत. मादी पुन्हा पिसे-काड्या आणू लागली आहे, असे तो काल सांगत होता. सुटीत वही पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्याने मागितली, आणि पेन्सिल आमच्याचकडे राहू द्या, असे त्याच्या आईने हसून सांगून पाठविले आहे.