घटक ४ : वंशावळ कशी शोधावी? – कपींमधील हिवतापाचे परोपजीवी

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
१. तौलनिक पद्धतीत पुराव्याची व्याप्ती का महत्त्वाची असते, हे सांगता येईल.
२. वारसा आणि उसनवारी यांतील भेद स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषाकुलाची संकल्पना अभ्यासली. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’ आणि मराठी ‘हात’ यांची संगती लावणारी तौलनिक पद्धती जीवशास्त्रालाही परिचित आहे. तिथे शब्दांच्या जागी जनुके असतात. ही पद्धती कोठे फसते, हे एका उदाहरणातून पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ अपुरा पुरावा : माणसाला होणाऱ्या हिवतापांपैकी सर्वांत घातक प्रकार ‘प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम’ या परोपजीवीमुळे होतो. त्याच्या तुलनेसाठी दीर्घकाळ चिंपँझीमधील ‘रायकेनोवी’ ही एकच जवळची जाती उपलब्ध होती. त्यामुळे माणूस व चिंपँझी यांचे वंश वेगळे झाले, तेव्हाच त्यांचे परोपजीवीही वेगळे झाले, असे मानले गेले. कोंकणी व गुजराती नजरेआड करून मराठीची तुलना केवळ बंगालीशी केली, तर बंगालीच तिची सर्वांत जवळची बहीण ठरेल. तसाच हा प्रकार होता.

४.३.२ वैविध्याचा शोध : पुढे मध्य आफ्रिकेच्या अरण्यांतून वन्य कपींच्या विष्ठेचे सुमारे ३,००० नमुने तपासण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून चित्र पालटले. या गटाच्या तीन जाती चिंपँझीत, तर तीन गोरिलांत आढळतात. दोन्ही कपी एकाच अरण्यात राहत असले, तरी प्रत्येक जाती आपल्या पोषक प्राण्यालाच धरून असते. फाल्सिपेरमचा सर्वांत जवळचा आप्त मात्र पश्चिमी गोरिलांत सापडला. म्हणजे हा रोग मानवाचा आदिम वारसा नसून गोरिलांकडून आलेला आहे.

४.३.३ उसनवारी : ‘हात’ वारशाने आला, ‘कागद’ मात्र फारसीतून. जनुकांतही असे घडते. तांबड्या रक्तपेशीत शिरण्यासाठी फाल्सिपेरमला ‘आरएच५’ हे प्रथिन लागते. त्याचे जनुक असलेला भाग गोरिलांतीलच दुसऱ्या एका परोपजीवीच्या वंशाकडून फाल्सिपेरमच्या पूर्वजाकडे आला. केवळ या जनुकावरून वंशावळ मांडली, तर नाते चुकीचे ठरेल. हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापाने सुमारे ५,९७,००० माणसे दगावली, आणि याच प्रथिनावर आधारित लसीच्या चाचण्या झाल्या आहेत.

या साम्याला मर्यादाही आहे. भाषा कोणत्याही शेजारणीकडून शब्द घेते. अशा परोपजीवींमधील जनुकांची देवघेव मात्र बहुधा निकटच्या आप्तांतच होते.

४.४ सारांश

हाती असलेल्यांपैकी सर्वांत जवळचा तो खरोखरच सर्वांत जवळचा असतो, असे नाही. नाते ठरवण्यापूर्वी पुरावा विस्तृत करावा आणि उसने घटक वेगळे काढावेत.

४.५ स्वाध्याय

१. ‘रायकेनोवी’वरून काढलेला निष्कर्ष का चुकला?
२. आपल्या बोलीतील पाच वारसाप्राप्त व पाच उसने शब्द नोंदवून त्यांतील भेद स्पष्ट करा.