डोमेन घेतलं म्हणजे नाव तुमचं झालं का?

व्यवसायाला नाव सुचलं की आपण लगेच डोमेन घेतो आणि निश्चिंत होतो. इथेच गडबड होते. डोमेन हा भाड्याने घेतलेला पत्ता आहे. फी भरताय तोवर तो तुमचा. त्या नावाने धंदा करण्याचा हक्क मात्र ट्रेडमार्कमधून भक्कम होतो.

समजा, तुम्ही घरगुती मसाले विकता. डॉट कॉम तुमचं आहे. चार वर्षांनी कोणी त्याच नावाचं डॉट इन घेऊन मसालेच विकायला लागलं. ऑर्डर तिकडे, तक्रारी तुमच्याकडे! डोमेन विकणारी कंपनी म्हणेल, 'जो आधी आला त्याला दिलं.'

मग कायदा काय म्हणतो? 'सिफी' आणि 'सिफ्फीनेट' या वादात सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. पण नोंदणी नसेल तर बाजारात आपली ओळख आहे हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. मोठ्या कंपनीला ते जमतं, नवख्या उद्योजकाला जड जातं. नोंदणीचं प्रमाणपत्र हाच मोठा पुरावा असतो.

म्हणून हा क्रम पाळा:

१. आधी शोध, मग डोमेन. आयपी इंडियाच्या वेबसाइटवर ट्रेडमार्क शोध मोफत आहे. सारखा उच्चार असलेली नावंही बघा.

२. नाव वेगळं ठेवा. 'कोल्हापुरी मसाला' हे मालाचं वर्णन झालं. त्यावर एकट्याचा हक्क मिळणं कठीण. पुढे डॉट कॉम लावूनही फरक पडत नाही.

३. वर्ग नीट निवडा. एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० मध्ये, कपडे २५ मध्ये. इतरांचा माल ऑनलाइन विकत असाल तर ३५ बघा.

४. अर्ज लवकर करा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांसाठी ९,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडा. जर्नलमध्ये नाव छापल्यावर ४ महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरतात आणि ती १० वर्षं चालते. पुढे नूतनीकरण करता येतं.

५. चिन्ह जपून वापरा. नोंदणी होईपर्यंत फक्त 'टीएम' लिहा. गोलातला 'आर' आधीच लावणं कायद्याच्या विरोधात आहे.

६. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल तर लगेच तुमच्या नावावर करून घ्या.

एवढं करूनही कोणी नाव उचललंच, तर डॉट इनसाठी निक्सीकडे तक्रार करता येते. डॉट कॉमसाठी वायपोसारख्या संस्थेकडे. तिथे तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आपल्या नावाशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे. पहिल्या मुद्द्याला ट्रेडमार्क प्रमाणपत्र थेट उपयोगी पडतं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर डोमेन तुमच्या नावावर होऊ शकतं.

आता एक काम करा. लोगो आणि पॅकेजिंगवर खर्च करायच्या आधी तुमचं नाव शोधून बघा. आधीच कोणाचं असेल, तर आज नाव बदलणं स्वस्त आहे. पाच हजार पाकिटं छापल्यावर तेच महागात जाईल.