दीड हजार वर्षांपूर्वीची 'गाईड'

फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये प्रोजेक्टाइलची गणितं आपण सगळ्यांनीच घोकलीत. पण हातातून सुटलेला चेंडू पुढे जातच का राहतो? ॲरिस्टॉटल म्हणाला, हवा त्याला मागून ढकलते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनसने याची चक्क खिल्ली उडवली. मग बाण काठीवर ठेवा, हजारो यंत्रांनी मागून हवा ढकला, बघू हातभर तरी सरकतो का! त्याचं म्हणणं, फेकणारा वस्तूतच जोर भरतो, तो संपला की ती थांबते. (न्यूटनपुढे हेही नापासच. पण हवेपेक्षा बरं!) दोन वेगळ्या वजनाच्या वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर वेळेत अगदी थोडा फरक पडतो, हेही त्याने लिहून ठेवलंय. गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी.

आणि हे लिहिलं कुठे? ॲरिस्टॉटलच्या ग्रंथावरच्या टीकेत. म्हणजे एका अर्थी 'गाईड'मध्येच.

अशा टीकांची मूळ ग्रीक पानं बर्लिनला १८८२ ते १९०९ दरम्यान छापली गेली, सुमारे १५,००० पानं. पण ती वाचणार कोण? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले प्रा. रिचर्ड सोराबजी (जन्म १९३४) यांनी देशोदेशीचे अभ्यासक जमवून त्यांची इंग्रजी भाषांतरं सुरू केली. पहिला खंड १९८७ साली निघाला, पुढे खंडांची संख्या शंभरावर गेली. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. काळ, अवकाश, गती, प्राण्यांचं मन यांवर त्यांनी स्वतःची जाडजूड पुस्तकं लिहिली. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी या त्यांच्या आत्या. २०१० साली त्यांनी आत्याचं चरित्रही लिहिलं.

एवढं आयुष्य 'टीकेवरच्या टीके'त घालवायचं? मलाही आधी तसंच वाटलं. पण पहिल्या खंडाची गोष्ट ऐका. विश्व अनादि आहे या ॲरिस्टॉटलच्या मताविरुद्ध फिलोपोनसने एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं. ते हरवलं. सिम्प्लिकियस नावाचा त्याचा कट्टर विरोधक मात्र इतका भडकला, की खोडून काढण्यासाठी त्याने त्यातले उतारेच्या उतारे आपल्या टीकेत उतरवले. आज ते पुस्तक उरलंय ते मुख्यतः या शत्रूच्या वहीत, आणि तिथून एकेक तुकडा वेचून पहिला खंड उभा राहिला.